दुकानामागचा मळा
वस्तीत भाजीचं दुकान एकच होतं. उरलेली भाजी कुणी फुकट उचलू नये म्हणून दुकानदार ती कचऱ्यात टाकून वर फिनेल ओतायचा. एकदा इस्त्रीवालीची सासू त्यातला कोबी घ्यायला वाकली, तर त्याने तिच्या हातावरच फिनेल ओतलं.

मग दुकानामागचा उकिरडा इस्त्रीवालीने नगरपालिकेकडून मागून घेतला, बायका जमवल्या आणि दोन वर्षांत वस्तीला पुरेल एवढी भाजी काढून फुकट वाटली.

दुकानदार आला. "वहिनी, माझं गिऱ्हाईक तुटलं हो."

"तुटू दे की. त्यासाठीच तर खपले."

लोक तिला दयाळू म्हणतात. ती म्हणते, "दया कसली डोंबलाची? सूड उगवलाय मी, चांगला वाफे भरून!"

गेल्या महिन्यात दुकान कायमचं बंद झालं. शटर पूर्ण खाली येईपर्यंत इस्त्रीवाली समोरून हलली नाही.