थंडीत अडणारी रायफल

ती रायफल मला पहिल्या दिवसापासून पटली नव्हती. हत्यार पटायचं-न पटायचं नसतं, हे मलाही कळतं, अर्धं आयुष्य त्यांच्या तेलात हात बरबटून घेण्यात गेलंय. पण काही माणसं असतात ना, समोर अगदी गुणी आणि पाठ वळली की रंग दाखवणारी, तसली ती होती. माझ्या टेबलावर शहाण्यासारखी चालायची आणि मुलीच्या हातात गेली की अडायची.

मी कोल्हापूरची. तिथेच नेमबाजी शिकले, मेडलं मिळवली, आणि मेडलांनी पोट भरत नाही म्हटल्यावर एका वस्तादांकडे बंदुका दुरुस्त करायला शिकले. नवऱ्याला कतारमध्ये, लुसैलला नोकरी लागली तशी इकडे आले आणि शहराबाहेरच्या एका खासगी शूटिंग क्लबात, बायकांच्या विभागात चिकटले. कोच मीच, मेकॅनिक मीच. बायकांच्या रेंजवर पुरुष मेकॅनिक चालत नाही, त्यामुळे माझी चलती आहे.

रायफल एका कतारी मेंबर मुलीची. विशीतली, वकिलीचं शिकणारी, सदा हसरी पोर. रायफल मूळ तिच्या वडिलांची. ते हार्ट अटॅकनं गेले, मग लायसन्सचे सोपस्कार करून तिनं ती आपल्या नावावर करून घेतली. सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे गोळी सुटली की तिच्याच धक्क्यानं आतला बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढे येताना मॅगझीनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी, बसवतो. आपण फक्त ट्रिगर ओढायचा. ही फेरी नीट फिरली तर उत्तम, नाहीतर माझ्या डोक्याला ताप.

पोरगी डावखुरी, आणि खरी मेख तिथेच होती. पुंगळ्या बाहेर पडायची खिडकी रायफलीच्या उजव्या अंगाला असते. उजव्या हातानं मारणाऱ्याचं तोंड दुसऱ्या बाजूला असतं, त्याला काही होत नाही. डावखुऱ्याचा उजवा डोळा मात्र नेमका त्या खिडकीमागे येतो. बोल्ट पुरता बसायच्या आत गोळी उडाली तर पुंगळी फाटते, आणि गरम वायू, पितळेचे तुकडे, सगळं त्या खिडकीतून बाहेर येतं. चष्मा असतो हो, पण कडेनं घुसायला तुकड्याला जागा ती किती लागते! मी तिच्याशी बोलायला लागले की मला तिचा तो उजवा डोळाच दिसायचा.

आणि हिचा बोल्ट नेमका तसाच अडायचा. पुढे यायचा आणि केसभर अलीकडे थांबायचा. कधी रिकामी पुंगळी आतच राहायची, कधी नवं काडतूस तिरकं व्हायचं. मी पहिल्यांदा म्हटलं, धूळ. इथली धूळ म्हणजे मैदाच, कुठेही शिरते. साफ केली, चालली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग मॅगझीन बदललं. मग काडतुसांची कंपनी बदलली. मग स्प्रिंग. वस्तादांचा नियम होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दुखणं कुठलं आणि औषध कुठलं तेच कळत नाही. क्लबच्या मॅनेजरला हे पटेना. "सगळं एकदम बदल ना, यल्ला, खलास," म्हणायचा, म्हणजे चल, एकदाचं संपव. प्रत्येक वेळी रायफल चार दिवस सरळ वागायची आणि मग पुन्हा अडायची. मला तिची भीती वाटायला लागली होती, खोटं कशाला सांगू.

त्यात बायकांची स्पर्धा आली. लोखंडी पाट्या भराभर पाडायच्या, जिची वेळ कमी ती जिंकली. पोरगी हट्टाला पेटली, मारीन तर बाबांच्याच रायफलीनं. मी नाही म्हटलं. ती मॅनेजरकडे गेली. त्यानं रायफल तिच्या गाडीतून आणवली, पुरुषांच्या रेंजवर स्वतः अख्खं मॅगझीन रिकामं केलं आणि परत येऊन माझ्यासमोर हात झटकले. "बघ. एकदम फर्स्ट क्लास. तूच घाबरतेस."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन नवऱ्यासमोर थयथयाट केला. तो शांतपणे जेवत होता.

"अगं, रायफलीचं राहू दे, आमटीत मीठ किती घातलंयस बघ की."

"तुम्हाला आमटीचं पडलंय! तिकडं एका पोरीचा डोळा जायचाय!"

"मग देऊ नको तिला."

"माझ्या हातात आहे का ते? मॅनेजरनं पास केली."

"मग त्याच्या हातात नीट चालली आणि पोरीच्या हातात अडते, असं का, ते शोध," तो म्हणाला आणि ताटात पाणी ओतून उठला. एवढा राग आला मला त्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला तेल लावायला बाटली घेतली. खोबरेल तेल गोठलेलं. आदल्या दिवशी दुकानातून आणली तेव्हा गाडीत तापून पाण्यासारखं झालं होतं, आणि रात्रभर एसीत राहून दगड. बाटली हातात धरून मी तशीच उभी राहिले. मॅनेजरनं रायफल गाडीतून काढली आणि लगेच चालवली. तापलेली होती ती. माझ्या टेबलापाशीही एसी नाही. पोरगी मात्र आत आली की आधी मैत्रिणींशी गप्पा, मग चहा, मग सराव, आणि आमची इनडोअर रेंज म्हणजे फ्रिजच. आम्ही सगळे उन्हाळ्याला आणि धुळीला शिव्या घालत होतो आणि ही बया थंडीत अडत होती.

रायफल तपासणीनंतर क्लबातच ठेवलेली होती. मी गेले आणि ती तासभर एसीच्या झोताखाली ठेवली. मग रेंजवर एकटीच उभी राहिले. मॅगझीनमध्ये एकच काडतूस भरलं, नळी समोर टार्गेटकडे धरली, बोट ट्रिगरपासून लांब, सरळ ठेवलं. बोल्ट मागे ओढला आणि सोडला.

धाड!

गोळी सुटली होती. मी माझ्या बोटाकडे बघितलं. ते बाहेरच होतं, सरळ. ट्रिगरला माझा स्पर्शही झाला नव्हता. मॅगझीन काढलं, चेंबर रिकामा आहे ते पाहिलं आणि रायफल खाली ठेवली. इतकी वर्षं बंदुकांत काढली, पण आपणहून उडालेली गोळी मी पहिल्यांदाच बघत होते. डोळ्याचं भय मी महिनोन्महिने बाळगत होते, हे त्याच्याही पुढचं निघालं.

बोल्ट सगळा सोडवला. गोळी पेटवणारी बारीक पिन असते, ती ज्या भोकात मागेपुढे सरकते ते भोक सहसा कोणी उघडत नाही, मीही उघडलं नव्हतं. आत तपकिरी चिकटा. पिन त्यात पुढे आलेली, तशीच रुतलेली. कधी काडतूस तिच्यावरच अडायचं आणि बोल्ट थांबायचा, आणि जोरात आपटला की गोळी उडणारच, ट्रिगर लागतोय कशाला! पण चिकटा तेलाचा नव्हता, दारूच्या काजळीचाही नव्हता. काडीनं खरवडून तळहातावर चोळला तसा ऊब लागून वास सुटला. हा वास इथे लिफ्टमध्ये असतो, मॉलमध्ये असतो, शेजारून गेलेल्या बाईच्या काळ्या, पायघोळ अबायाला असतो. बखूर. अत्तरात मुरवलेलं सुगंधी लाकूड, निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी घरभर आणि कपड्यांना देतात.

रायफलीला कोण धुरी देणार?

गुरुवारी पोरगी रायफल न्यायला आली, बरोबर तिची आई. आईला अरबीशिवाय फारसं काही येत नाही, माझं अरबी भाजीवाल्यापुरतं. मी मुलीला विचारलं, घरी बखूरजवळ ठेवता का ही? तिनं आईला विचारलं, आणि त्या बाईंचा चेहरा असा फुलला म्हणता! भरभरून बोलायला लागल्या. मुलगी हसत हसत सांगत होती. लग्न झाल्यापासून दर शुक्रवारी नवऱ्याच्या कपड्यांना धुरी देताना या त्याची रायफलही धुरीवर धरायच्या. बोल्ट मागे ओढून उघडी ठेवायच्या, वास आतपर्यंत जावा म्हणून. तो शिकारीला जायचा तेव्हा म्हणायचा, माझ्या रायफलीला घराचा वास येतो. तो गेल्यावर कपडे वाटून टाकले, रायफल तेवढी राहिली. तिला अजून धुरी देतात.

मला गलबलून आलं. पण बोलणं भाग होतं. मी मुलीला सगळं सांगितलं. तेलावर धूर बसतो, त्याचा डिंक होतो, थंडीत घट्ट होतो, पिन रुतते, गोळी आपणहून उडते. "आईला सांग, धुरी बंद. आजपासून."

ऐकता ऐकता पोरीचं हसू मावळलं. शेवटी शेवटी तर तिच्या तोंडावर रंग राहिला नाही. ती आईकडे वळली, तीन-चार शब्द बोलली. आईनं मान हलवली आणि हसून मला म्हणाली, "शुक्रन, शुक्रन."

मी काय दूधखुळी आहे? एवढं मोठं सांगितलेलं तीन शब्दांत होतं का? "तू सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"कोच, प्लीज," ती इंग्रजीत कुजबुजली. "मी रायफल इथेच ठेवते. स्पर्धेतही नाही मारत. पण यम्माला, आईला, नका सांगू."

"आणि कधी घरी नेलीस की पुन्हा धुरी? उद्या कोणीतरी भरून बघेल तिला. कोणाचा तरी जीव जाईल, बाई! वाईट वाटतंय म्हणून गप्प बसायचं का?"

ती माझा हात धरायला लागली, मी सोडवला. माझा स्वभावच तसा, अर्धवट ठेवलेलं काम मला बघवत नाही. मी बोल्ट उचलून आईच्या हातात दिला. पिन रुतलेली दाखवली. थोडा चिकटा खरवडून तळहातावर चोळला आणि तिच्या नाकाशी नेला. तिनं वास घेतला आणि ओळखून मान डोलावली. मग रिकामी रायफल पुन्हा जोडली, बोट ट्रिगरपासून लांब धरून तिला दाखवलं आणि बोल्ट सोडला. खाट्. तोंडानं म्हटलं, "धाड!" आणि मुलीच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

बाईंना समजलं. माझ्या मनात आलं, सुटले एकदाची.

त्या हळूच पुढे आल्या. स्वतःचं बोट ट्रिगरपाशी नेलं, न लावता तसंच हवेत धरलं आणि माझ्याकडे बघत काहीतरी विचारलं. अर्थ स्पष्ट होता, बोट न लावता?

"ऐवा," मी म्हटलं. हो. बोट न लावता.

पोरगी भिंतीला टेकून रडायला लागली. रडतच मला सांगत होती. ती लहान असताना हिवाळ्यात सगळे वाळवंटात तंबू टाकून राहिले होते. पहाटे, कडक थंडीत, बाबा रायफल भरत होते आणि गोळी उडाली. समोर आईचा धाकटा भाऊ. दंडात लागली, तो हात पुन्हा कधी वर झाला नाही. बाबा मरेपर्यंत सांगत होते, मी बोट लावलं नव्हतं. कोणी विश्वास ठेवला नाही. यम्मानंही नाही. मामानं आमच्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडला नाही, बाबांच्या मयतालाही आला नाही.

आई तशीच उभी होती, बोट हवेत. मग ती खुर्चीवर बसली, पर्समधून फोन काढला आणि नंबर लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. कोणीतरी उचलला. तिनं आधी भावाचं नाव घेतलं आणि मग ती एकच शब्द म्हणत राहिली, अना, अना, अना.

एवढं अरबी मला येतं. अना म्हणजे मी.