डोक्यावर अंबील, पोटरीत गोळा

पोटरीत गोळा आला की मी आधी शिव्या देते आणि मग उठून बसते. पहाटे कूस बदलताना पाय जरा ताणला गेला तरी पोटरी आवळून दगडासारखी होते. आमचे मालक शेजारच्या बाजेवरून उठतात, माझ्या पायाचा अंगठा धरून चवडा वर ओढतात आणि गोळा सुटेपर्यंत तसाच धरून ठेवतात. मी तोवर त्यांच्यावरच खेकसत असते. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

मला साखर निघून बरीच वर्षं झाली. गोळ्या चालू होत्या, चहा बिनसाखरेचा होता, आणि त्यावर मी समाधानी होते. गोळे येणं तर आमच्याकडं कुणी आजारात धरतच नाही, वात म्हणतात आणि सोडून देतात. पण मग चालताना पोटरी भरून यायला लागली. घरातून शेताकडं निघाले की ओढ्याच्या अलीकडंच पाय जड व्हायचा, आत कुणीतरी पिळतंय असं वाटायचं. थांबलं की कमी व्हायचं, चाललं की परत सुरू. कुणाला कळू नये म्हणून मी एक युक्ती काढली. दुखायला लागलं की जवळ जे दार असेल तिथं थांबायचं आणि आतल्या बाईला हाक मारून चौकशी करायची. लेकीचं बाळंतपण झालं का, म्हैस फळली का, काय वाटेल ते. गावात बोलवा झाली की थोरलीचा स्वभाव आता लई निवळला.

धाकट्या जावेला मात्र ते पटलं नव्हतं. आमच्या दोघींची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. लग्न होऊन ती आली तेव्हापासून सकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसून मिश्री लावत आलोय. सगळ्या घराच्या कुचाळक्या, रडणं, भांडणं त्या वेळातली. एका सकाळी तिनं माझ्या पोटरीला काळा दोरा करकचून बांधला.

"आक्का, गोळ्यावर ह्यो रामबाण हाय. सोडू नगा."

मी सोडला नाही. पोटरीवर वळ उठला तरी नाही.

त्यानंतर माघात तूर निघाली. आमच्या रानात चप्पल बांधावर काढून ठेवायची रीत आहे. काळी आई म्हणायचं आणि तिच्या अंगावर पायताणानं कसं चढायचं? तर मी दिवसभर अनवाणी तुराट्या गोळा करत फिरले. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, चुलीपुढं बसले. जाऊ दही मागायला आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"आक्का, ह्ये रगत कुनाचं?"

"कोंबडी कापली असंल कुणी," मी म्हणाले.

"कोंबडी तुमच्या चुलीपत्तुर चालत आली व्हय?"

मी खाली पाहिलं. फरशीवर दारापासून माझ्यापर्यंत डाव्या पावलाचे डाग होते. अंगठ्याशेजारच्या बोटात तुरीचं धसकट घुसून मोडलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दुखलंच नव्हतं. त्या वेळी मला पहिल्यांदा भीती वाटली. पायात काटा मोडला आणि दुखला नाही, तर तो पाय आपला कसा म्हणायचा?

गावातल्या दवाखान्यात पट्टी केली. जखम भरेना. बोट आधी सुजलं, मग टोकाला काळं पडायला लागलं. तेव्हा मालकांनी माझं काही ऐकून न घेता येडशीच्या फाट्यावरून धाराशिवची गाडी धरली.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी आधी कात्रीनं काळा दोरा कापून टाकला. मग घोट्यापाशी एक लहानसं यंत्र टेकवलं. उजव्या पायातून रक्ताचा आवाज चांगला धडधड येत होता. डाव्यात मात्र नीट कान दिला तर कुठं तरी भुसभुस ऐकू येत होती.

"आजी, या पायाची रक्तवाहिनी अरुंद झालीय," त्या म्हणाल्या. "बोटापर्यंत रक्तच पुरेसं पोचत नाही, म्हणून गोळे येतात, म्हणून जखम भरत नाही. काळेपणा वर सरकला तर बोट काढावं लागेल. तेवढ्यावर थांबलं नाही तर पुढचं बघावं लागेल."

पुढचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. त्यांनी मग एकेक विचारलं. किती वर्षं साखर, कोणत्या गोळ्या, जेवण काय, तंबाखू खाता का?

"न्हाय वो," मी ताठ मानेनं सांगितलं. "आमच्या घरात बायका तंबाखूला शिवत न्हाईत."

मी खोटं बोलत नव्हते. देवाशपथ मला तसंच वाटत होतं.

पुढच्या खेपेला दवाखान्यात गर्दी होती. बाकावर बसून बसून डोकं जड झालं, म्हणून मी कमरेची डबी काढली, बोट बुडवलं आणि दातावर फिरवायला लागले. डॉक्टरीणबाई नेमक्या त्याच वेळी बाहेर आल्या.

"हे काय लावताय?"

"मिश्री हाय."

"कशाची करतात?"

"तव्यावर काळी होस्तवर भाजायची, मग कुटून वस्त्रगाळ..."

"काय भाजायचं?"

"तंबाखू," मी म्हणाले. आणि माझ्याच तोंडून तो शब्द माझ्या कानावर पडला. बोट तसंच दातावर राहिलं. बाकावरच्या दोन बाया हसल्या. मालक छताच्या पंख्याकडं बघायला लागले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या बाकावर माझ्याशेजारी बसल्या. तंबाखूनं आधीच अरुंद झालेली वाहिनी आणखी आवळते, म्हणाल्या. ओढा, चघळा नाहीतर दातांना लावा, पायाला त्यातला फरक कळत नाही. एकीकडं आम्ही वाहिनी मोकळी करायला औषध देतोय, दुसरीकडं तुम्ही दिवसातून चार वेळा ती आवळताय. मला फार राग आला. त्यांचा नाही, माझा. चाळीस वर्षं मी ज्याला दात घासणं समजत होते, ते हे होतं.

डबी मी त्या दिवशी दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. पितळेची होती, झाकणावर मोर होता. जरा जीव तुटला.

मिश्री सोडणं काय असतं ते ज्यांनी सोडलीय त्यांनाच विचारा. डोकं ठणकायचं, पोट साफ होईना, हात आपोआप कमरेकडं जायचा. मी घरात सगळ्यांवर ओरडले, नंतर कुकरवर ओरडले, एकदा तर आलेल्या पाहुण्यांवरही. तोंडात बडीशेप धरायची, नाहीतर लवंग. सगळ्यात अवघड होती ती सकाळ. जाऊ तिची डबी घेऊन ओट्यावर यायची आणि तो वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. शेवटी मी सरळ सांगितलं, "तू बी सोड, न्हायतर हितं बसू नगंस."

"तुमाला साखर हाय, मला काय हाय?" ती म्हणाली. "मिश्रीनं काय मानूस मरतं व्हय? आमची आई नव्वदीपत्तुर लावत हुती."

"मग तुझ्या आईला सांग माझं बोट वाचवायला."

हे मी बोलायला नको होतं. तिची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. ती उठून गेली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या मागच्या दारी बसायला लागली. भिंतीपलीकडून तिच्या चुळा भरण्याचा आवाज यायचा. मला फार एकटं वाटलं, पण मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर मी तिच्या डबीत बोट घातलं असतं, याची मला खात्री होती.

औषधं, पट्ट्या, साखरेवर डोळा, असं करत करत उन्हाळा गेला. बोटाचा काळेपणा वर सरकला नाही. टोकाची कातडी गळून पडली आणि खालून कोवळी, गुलाबी निघाली. जखम पूर्ण मिटली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुढचं काम दिलं. रोज चालायचं. पोटरी भरून आली की थांबायचं, सुटली की परत चालायचं. दुखतंय म्हणून घरी बसायचं नाही. चालण्यानंच बारक्या वाहिन्यांना नवी वाट काढायची सवय लागते. आणि साखरेनं पावलाची जाणीव गेलीय, म्हणून बूट-मोज्यांशिवाय, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. घरातसुद्धा नाही, देवळाच्या पायरीपर्यंतसुद्धा नाही.

आधी मी मारुतीच्या पारापर्यंत जायची. मग पिठाच्या गिरणीपर्यंत. पोळ्यापर्यंत पाण्याची टाकी गाठली. आता कुणाच्या दारात खोटी चौकशी करत नव्हते. रस्त्याच्या मधोमध उभी राहायची, पोटरी सुटली की चालायला लागायची. कुणी विचारलं तर "पाय थांबलाय, मी न्हाय" म्हणायची. दिवाळीपर्यंत मी ओढा ओलांडला.

मग येळवस आली. वेळ अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव रानात जेवतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोप, उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि ताकात आंबवलेल्या ज्वारीची अंबील. आमच्या घरात अंबिलीचं मडकं थोरल्या सुनेनं डोक्यावरून न्यायचं, घरातून उचललेलं कोपीतच उतरवायचं, आणि अनवाणी न्यायचं. माझ्या सासूनं नेलं, मग मी. मी एकदाही चुकवलं नव्हतं.

आदल्या दिवशी मालक म्हणाले, "औंदा धाकटीला नेऊ दे. वाटंत खाली ठेवावं लागलं तर बरं दिसनार न्हाय."

"थांबंन. ठेवनार न्हाय," मी म्हणाले. "आन बूट घालूनच नेनार."

सकाळी मी उठले तर मालकांनी माझे बूट ओल्या फडक्यानं तळव्यापर्यंत पुसून उंबऱ्यात ठेवले होते.

चुंबळीवर मडकं घेतलं आणि निघाले. भावकीतल्या एका सासूनं वाटेतच टोकलं, "आगं, आईच्या रानात बूट?" मान वळवता येत नव्हती, तशीच समोर बघत म्हणाले, "आत्याबाई, आईला लेकराचा पाय तुटलेला आवडंल का बूट घातलेला?" त्यावर त्यांनी पदर नीट केला आणि पुढं निघून गेल्या.

गिरणीपाशी पहिल्यांदा पोटरी भरली. थांबले. ओढ्यात दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ऐन बांधावर, कोप समोर दिसत असताना. तेव्हाचा गोळा जबर होता. मडक्यातली अंबील हिंदकळून कपाळावरून ओघळली. जाऊ मागून आली आणि तिनं हात वर केले. "द्या आक्का." इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा बोलली होती.

"नगं. नुसती उभी राहा."

ती उभी राहिली. माझ्या अगदी जवळ, कोपराला कोपर लागेल अशी. करडईवरून गार वारा येत होता. पोटरी हळूहळू सैल झाली आणि मी कोपीत जाऊन मडकं उतरवलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी अंबिलीसोबत पुसून टाकलं.

पोटभर जेवून संध्याकाळी परत निघालो. रिकामं मडकं मालकांकडं होतं. मी मजेत पुढं चालले होते. ओढ्यापाशी मागं वळून बघितलं तर जाऊ सोबत नव्हती. ती पार मागं, एका बाईच्या खळ्यापाशी थांबून काहीतरी विचारत होती. त्या बाईशी तिचं दोन वर्षं बोलणं नाही, हे मला माहीत होतं.

मी परत गेले. त्या बाईला रामराम करून जावेला बाजूला घेतलं.

"कुठला पाय?" मी विचारलं.

तिनं उजवी पोटरी दाबून धरली. "कवापास्नं भरून येती," ती म्हणाली. "तुमी डबी टाकली तवापास्नंच. म्हनून बोलले न्हाय. डाक्टरीनबाई तुमाला म्हनल्या तसं मलाबी बोट कापायचं म्हनल्या तर?"

मी तिथंच बांधावर बसले, डावा बूट काढला, मोजा काढला आणि पाय तिच्या पुढं केला. तिनं पाचही बोटं एकेक करून चाचपली.

"म्हनल्या तर म्हनू दे," मी म्हणाले. "सुटली का पोटरी?"

"सुटली."

"मग चल. सकाळी पयल्या गाडीनं जायचंय."