आईनं न पाहिलेलं व्यंगचित्र

नांदूरघाटला एका व्यंगचित्रकाराच्या बायकोनं घरातल्या वरच्या दोन खोल्यांत नवऱ्याची चित्रं मांडलीत, छोटं संग्रहालयच केलंय, असं मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी मला सांगितलं. मी ते घरी सहज बोलून गेले. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "तुज्या बाबाचं चित्र असंल का गं तिथं? मला बघायचंय."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. आमच्या गावात ते पाणी सोडायचे. व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटेच निघायचे. टंचाईच्या त्या वर्षी कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी द्यायचं ते दुसरेच ठरवायचे, शिव्या मात्र बाबांना बसायच्या. कुणी बोट दाखवू नये म्हणून आमच्या वस्तीला ते सगळ्यांत शेवटी पाणी सोडत. मी नववीत होते तेव्हा एका साप्ताहिकात याच चित्रकाराचं व्यंगचित्र आलं. टाकीवर मांडी घालून बसलेला ढेरपोट्या माणूस, हातात चावी, खाली रिकाम्या घागरी घेतलेल्या बाया. बाबा काटकुळे होते. पण कान त्यांचेच होते, सुपासारखे. गावानं कानांवरून ओळखलं. तेव्हापासून बाबा भर उन्हातही कानाला मफलर बांधून फिरू लागले. तो अंक त्यांनी घरात येऊ दिला नाही. मी शाळेत पाहिला. आईनं कधीच पाहिला नव्हता.

रविवारी आम्ही दोघी बीडहून गेलो. व्यंगचित्रकाराच्या पत्नी सत्तरीच्या असतील. गुडघा धरत, एकेक पायरी चढत त्यांनी आम्हाला वर नेलं. पहिल्या खोलीत टेबलावर नवऱ्याचा चष्मा, टाक, वाळलेल्या शाईची दौत. भिंतींवर चित्रं. आईला वाचता येत नाही, पण ती एकाही चित्रावरून तशीच पुढं गेली नाही. एका चित्रात एक साहेब पाय भिजू नयेत म्हणून खुर्चीसकट नाला ओलांडत होते, खुर्ची चार माणसांनी उचललेली. ते पाहून आई तोंडाला पदर लावून हसली. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना पाहत होते.

दुसऱ्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर एकच चित्र होतं. तेच.

"ह्यांचं लई आवडतं होतं हे," त्या म्हणाल्या. "येणारा माणूस इथं थांबतोच."

आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "पोट नव्हतं त्यांना."

बाईंना काही उमगलं नाही. मी सांगितलं, हे माझे वडील. त्या स्टुलावर बसल्या.

"ह्यात खरा माणूस वळखू येतो, हे ठावंच नव्हतं हो मला. हे तुमच्या गावाला लग्नाला गेलते. तिथं पाण्यावरून बोलणं चाललं होतं. येताना चावी घेतलेला माणूस रस्त्यात दिसला म्हणले, तेवढंच."

"बोलले नसतील त्यांच्याशी," आई म्हणाली.

"न्हाई बोलले."

त्या उठल्या आणि फ्रेम काढायला लागल्या. आईनं त्यांचा हात धरला. "राहू द्या. घरी नेऊन कुठं लावू मी?" चित्राकडे बघत ती म्हणाली, "कान मात्र अगदी तसेच काढलेत. गाव हसलं बाई. पण माजी पोर एक दिवसबी बापाला लाजली न्हाई."

मी खिडकीबाहेर पाहू लागले.

त्यांनी चहा केला. निघताना त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

जीपनं मांजरसुंब्याला आलो. बीडची गाडी यायची होती, म्हणून ढाब्याच्या बाकड्यावर बसलो. मला राहवेना.

"आई, दहावीच्या निरोप समारंभाला आईवडिलांना बोलावलं होतं. मी बाबांना सांगितलं होतं, तुम्ही येऊ नका. पोरी हसतील."

आई बशीतल्या चहावर फुंकर घालत होती. "ठावं हाय मला."

"बाबांनी सांगितलं?"

"ते काय सांगतेत. इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून बसले होते. तू त्यांच्याशी कायतरी बोलून शाळेत गेलीस. मागून त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला. मी म्हणलं, कावून, जायचं न्हाई का? तर म्हणले, आज पाणी सोडायचंय." तिनं बशी खाली ठेवली. "त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती."

"मग तिथं, पोर लाजली नाही असं का म्हणालीस?"

"त्या बाईला काय सांगायचं," ती म्हणाली.

गाडी आली ती भरलेलीच. कुणीतरी उठून आईला जागा दिली. मी तिच्या सीटचा दांडा धरून बीडपर्यंत उभी राहिले.