सैनिक नको, नर्स पाठवा

पास्कलकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरातल्या घरात, पायाशी हीटर लावून, एका सरकारी अहवालाचं शेवटचं प्रूफ वाचत होते. त्यांच्या मुलीचा, लीनाचा, पर्थहून फोन आला. "पप्पा सकाळी गेले. कोविड," एवढंच म्हणाली. तिला राज्याची सीमा ओलांडून येता येत नव्हतं, मला कॅनबेराहून सिडनीत शिरता येत नव्हतं. दफनविधी आम्ही दोघींनी दोन शहरांतून लॅपटॉपवर पाहिला. मध्येच आवाज गेला आणि फादरांचे ओठ तेवढे हलत राहिले... समोरच्या त्या अहवालात काकांचं एक वाक्य असायला हवं होतं. ते नव्हतं. मीच ते काढलं होतं.

काका मूळचे वसईचे. मी शिकायला सिडनीला आले, तेव्हा ब्लॅकटाउनमधल्या त्यांच्या घराची मागची खोली भाड्याने घेऊन तीन वर्षं राहिले. मार्थाकाकींना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. भाड्यापेक्षा त्यांना घरात बोलायला माणूस हवं होतं, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. मला ते 'बाय' म्हणत आणि मी जेवल्याशिवाय कालवणाचं भांडं उचलत नसत. स्वयंपाकघरात खिळ्याला एक लाकडी पॅड टांगलेलं असे, आपण परीक्षेला न्यायचो तसलं. चिमटा गंजलेला, पेन सुतळीने बांधलेलं. त्यावर वाणसामानाची यादी. आणलेल्या प्रत्येक वस्तूपुढे बरोबरची खूण केल्याशिवाय काका पिशवी रिकामी करत नसत. मी त्यावरून त्यांची खूप टिंगल करायचे.

ते पॅड अमेरिकेतलं होतं. साठच्या दशकाच्या अखेरीस काका तिथे नगररचना शिकत होते. त्यांच्या शहरातली काळ्या लोकांची वस्ती पोलिसांच्या मारहाणीवरून पेटली, चार दिवस जळत राहिली, मग सैन्य आलं, आणि सगळं विझल्यावर सरकारने रीतसर चौकशी समिती नेमली. समितीला घरोघर जाऊन प्रश्न विचारणारी माणसं हवी होती. "गोऱ्याला दार कोण उघडणार, आणि काळ्यावर समितीचा भरवसा नाही. म्हणून मला घेतलं," काका सांगत. "मी मधल्या रंगाचा." फॉर्ममधला शेवटचा प्रश्न असा होता: सरकारने काय करावं असं तुम्हाला वाटतं? जळालेल्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या एका बाईने सांगितलं, गल्लीतला दिवा दोन वर्षं बंद आहे, तेवढा लावा. काकांनी तिला शब्द दिला की सरकार हे वाचेल. अहवाल जाडजूड निघाला, वर्तमानपत्रांनी वाखाणला. त्यात बाईच्या दिव्याचं 'नागरी सुविधांविषयी असमाधान' झालं होतं. वर्षभराने काका मुद्दाम त्या गल्लीत गेले. खांबावरचा दिवा बंदच होता. कोपऱ्यावर मात्र पोलिसांची नवी चिलखती गाडी उभी होती आणि तिच्या टपावर भलामोठा झोतदिवा.

"उजेड आला होता, बाय..." काका म्हणाले होते. "मी वर जाऊन तिला तोंड नाही दाखवलं." आणि मग, "लोक मागणी करतात. आपण शिकलेली माणसं तिचं मत करून टाकतो."

मी मान डोलावली आणि पुढे नेमकी तीच नोकरी धरली. सरकारी धोरणांवर लोकांची मतं गोळा करायची आणि सुटसुटीत भाषेत वर पाठवायची. काकांना सांगितलं तेव्हा ते हसले. "नो वरीज. पगार तरी बरा देतात ना?"

महामारीच्या पहिल्या वर्षी अमेरिकेतली शहरं पुन्हा रस्त्यावर उतरली. काका दिवसभर टीव्हीसमोर. "आधी सैनिक, मग समिती. क्रम बदलत नाही," ते फोनवर म्हणाले. मी म्हटलं, काका, आपल्याकडे तसं नाही हं. पुढच्याच हिवाळ्यात सिडनी बंद झाली. समुद्रकाठचे लोक कॉफीचे कप घेऊन ऊन खात फिरत होते आणि पश्चिमेकडच्या, ब्लॅकटाउनसारख्या आमच्या स्थलांतरितांच्या वस्त्यांवर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं, रस्त्यात पोलीस, दारोदार सैनिक. इथे तर कुणी दगडसुद्धा उचलला नव्हता.

आमच्या ऑफिसने ठरवलं, या वस्त्यांमधल्या लोकांशी बोलायचं. यादीत मीच काकांचं नाव घातलं. फोनवर शेवटचा प्रश्न विचारला, तोच, सरकारने काय करावं. त्यांनी तो ओळखला होता.

"काल आर्मीचा पोरगा आला होता. गुड बॉय. म्हणाला, काही हवंय का, मेट? मी म्हटलं, नर्स. तो म्हणाला, वर कळवतो." काकांना खोकला आला. "तू पण कळव. लिही. सैनिक नको, नर्स पाठवा. लस घेऊन घरी. या गल्लीत चार म्हातारे आहेत, त्यांना रांगेत उभं राहवत नाही."

"जसंच्या तसं घालते, काका. प्रॉमिस."

"मी पण केलेलं प्रॉमिस," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

साहेबांना वाक्याचा सूर जरा चढा वाटला. मी वाददेखील घातला नाही. 'काही ज्येष्ठ नागरिकांनी आरोग्यसेवांच्या उपलब्धतेबाबत चिंता व्यक्त केली' असं लिहून मोकळी झाले. याहून लाजिरवाणं पुढे आहे. काकांचे गुडघे गेलेत हे मला ठाऊक होतं. ब्लॅकटाउनमधल्या एखाद्या दवाखान्यात मी स्वतः फोन लावू शकले असते, घरी नर्स येईल का म्हणून विचारू शकले असते. डोक्यातच आलं नाही. मी उत्तर व्यवस्थित लिहून घेतलं होतं ना.

गेल्या आठवड्यात ते पॅड पोस्टाने आलं. लीनाने शेजारच्या मेरीबाईंना पाठवायला सांगितलं होतं. चिमट्यात एक कागद होता, काकांच्या टपोऱ्या अक्षरातला. गल्लीतली चार नावं, घरांचे नंबर, फोन. पहिल्या तीन नावांपुढे बरोबरची खूण. पहिलं नाव मेरीबाईंचंच होतं, म्हणून त्यांना फोन केला.

"पास्कल रोज इथेतिथे फोन लावत बसायचा," त्या म्हणाल्या. "शेवटी त्याने नर्स मिळवली. एका दिवशी तिघींचंच होण्यासारखं होतं. म्हणाला, आपल्यात मी सगळ्यात लहान, माझं पुढच्या आठवड्यात."

पॅड मी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं आहे. वाणसामानाची यादी हल्ली मी मोबाइलवर करते, त्यामुळे कागद बदलायची वेळ येत नाही. चौथं नाव काकांचं आहे. त्यापुढे खूण नाही. ती व्हावी म्हणून नर्स मागायचं काम त्यांनी मला सांगितलं होतं.