हात ओला करून सही

जूनमध्ये दिल्लीजवळच्या एका लष्करी इस्पितळात माझी पोस्टिंग झाली. हुद्दा नायक, काम एसी प्लांटवर. गावाकडचे हसायचे, "बंदूक सोडून पंखे पुसतोस होय?" पण ऑपरेशन थिएटर थंड ठेवायचं काम आमचंच. थंड पाण्याचे व्हॉल्व्ह कॉम्प्रेसरच्या हवेवर उघडत. हवा गेली की स्प्रिंग ते बंद करी.

ही हवा आधी एका टाकीत भरते आणि तिच्यातलं पाणी टाकीच्या तळाशी साचतं. रोज ०६०० वाजता खालची तोटी उघडून ते काढायचं आणि लॉगबुकात सही करायची. प्लांटचे प्रमुख हवालदार मेश्राम, अमरावतीकडचे. त्यांचा एकच नियम होता.

"तोटीखाली हात धर. हात ओला झाल्याशिवाय सही नाही."

मी सलग तीन दिवस कोरड्या हातानं सही केली. निव्वळ आळस, दुसरं काही नाही.

तिसऱ्या दिवशी १११० वाजता थिएटरमधून फोन आला. "ओटी गरम हो रहा है। पेशंट टेबल पर है।"

पेशंट म्हणजे छातीत छर्रे घुसलेला एक शिपाई. टाकीतलं पाणी हवेच्या नळीत शिरलं होतं. थिएटरच्या व्हॉल्व्हपर्यंत हवा पोचत नव्हती आणि स्प्रिंगनं तो बंद केला होता.

मेश्राम धावत जाऊन आपल्या सायकलचा पंप घेऊन आले. नळी काढून त्यांनी तो थेट अ‍ॅक्च्युएटरला, म्हणजे हवेच्या दाबानं व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाला जोडला.

"मी हवा भरतो. तू लाइन साफ कर."

हात थांबला की गेजचा काटा खाली यायचा, म्हणून त्यांनी तो थांबवलाच नाही. १२५० ला लाइन मोकळी झाली. त्यांच्या तळव्यांची सालं निघाली होती.

कॅप्टनसाहेबांनी लॉगबुक उघडलं. "टँक ड्रेन हुआ था?"

मी एक पाऊल पुढे आलो.

"नहीं, सर। सिर्फ साइन किया था।"

शिक्षा म्हणून सात दिवस पाठीवर वजनदार पिट्ठू लादून मैदानात पळालो. शिपाई वाचला. मेश्राम मला एका शब्दानं बोलले नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली.

पुढल्या हिवाळ्यात त्यांची बदली बर्फातल्या चौकीवर झाली. तिथे हिमकडा कोसळला. तिघे गेले, त्यात ते होते.

आता फौजेतून निवृत्त होऊन मी गुरुग्रामच्या एका टॉवरचा एसी प्लांट सांभाळतो. रोज सकाळी तोटीखाली हात धरतो आणि तसाच सही करतो. शाई पसरते.

मॅनेजर कुरकुरतो, "फौजी साहब, पन्ना खराब हो जाता है।"

होऊ दे. मेश्राम उस्तादांसाठी मला एवढंच करता येतं.