मूळ आरोपी पोट

आमच्या बाबांच्या मते मानवी देहात गुन्हेगार एकच होता, आणि तो म्हणजे पोट. देवळीच्या बाजारात चटई टाकून ते लोकांचे अर्ज लिहून देत. त्यामुळे घरातही भाषा कोर्टाचीच. डोके दुखो, डोळे येवोत, "पोट हाच मूळ आरोपी. बाकीचे अवयव त निस्ते साथीदार," हा त्यांचा निर्वाळा ठरलेला. शिक्षाही एकच: एरंडेल.

या खटल्यांच्या कार्यपद्धतीविषयी माझा संताप आजही शमलेला नाही. फिर्यादी तेच, न्यायाधीश तेच, आणि शिक्षेची अंमलबजावणीही त्यांच्याच हस्ते! आरोपीला बाजू मांडण्याची संधी नाही, अपिलाची सोय नाही. पुढे नगरपालिकेपासून मंत्रालयापर्यंत मी जी खरमरीत पत्रे धाडली, त्यांची पहिली इयत्ता आमच्या स्वयंपाकघरात झाली.

एकदा मी चिंचेवरून पडलो आणि हात मोडला. बाबांनी विचारले, "पडायच्या आंधी काय खाल्लं होतं?"

"चिंचा."

"मंग बरोबर! पोट जड झालं, म्हणून तोल गेला." हाताला फळी बांधण्यापूर्वी एरंडेल पाजण्यात आले.

मॅट्रिकच्या वर्षी माझ्या पोटात उजव्या बाजूला भयंकर कळ उठली. बाबांना मात्र उत्साह चढला. "या खेपेस आरोपी जाग्यावरच सापडला!" असे म्हणत ते बाटली घेऊन आले. मी दात आवळले.

"बाबा, मी पिणार नाही."

"बापाचा हुकूम मोडून राह्यला?"

आईने त्यांच्या हातातून बाटलीच ओढून घेतली. "अजी, पोरगं पिवळं पडून राह्यलं. पयले डाक्टरले दाखवा, मंग पाजा काय पाजायचं ते!"

मिळेल त्या बसने आम्ही वर्ध्याला पोचलो. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले. "आंत्रपुच्छ सुजले आहे. ताबडतोब कापावे लागेल. जुलाब दिला नाही ना? दिला असता तर ते आतच फुटले असते. मुलगा हाती लागला नसता."

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या परवानगीचा कागद बाबांपुढे केला. अर्ध्या गावाचे कागद लिहिणाऱ्या त्या माणसाची लेखणी पुढे सरकेना. ते माझ्याकडे वळले आणि जन्मात प्रथमच त्यांनी विचारले, "तुह्यं काय म्हणणं हाय?"

कळ मारत होती, तरी मी उत्तर नीट जुळवून दिले. "मला जगायचे आहे, बाबा. सही करा."

त्यांनी सही केली. अक्षर इतके वाकडे आले की डॉक्टरांनी नाव पुन्हा विचारून घेतले.

मी घरी परतलो तेव्हा समाचाराला आळीतले लोक जमले होते. बाबा रंगात येऊन सांगत होते, "म्या त पयलेच सांगतलं होतं, पोटच आरोपी! मंग छातीवर दगड ठेवला अन् देली परवानगी."

आतून चहाचे कप आणता आणता आई म्हणाली, "परवानगी पोरानं देली. तुमी त निस्ती सही केली."