बाकी सगळं बरं हाय

आमच्या दूध संघाच्या चेअरमन साहेबांना वाचायचा भारी कंटाळा. "म्याडम, वाचायला लावू नका. काय ते चित्रात दावा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सातारची पोर लग्न होऊन आष्ट्याकडं आली, इस्लामपूरच्या संघात नोकरीला लागली आणि साहेबांसाठी चित्रं काढत बसली, असं माझे वडील अजूनही चिडवतात.

काम असं की, दूध घालणारे सभासद फोनवर तक्रारी सांगतात. फोनवरची आमची ताई बोलणं जसंच्या तसं टाइप करते. ती ढीगभर वाक्यं मी संगणकाच्या एका पडद्यावर साहेबांना दिसतील अशी मांडायची. त्याला डॅशबोर्ड म्हणायचं.

पहिल्यांदा मी शब्दांचा ढग केला. जो शब्द जास्त वेळा आला, तो मोठा दिसतो. सगळ्यात मोठा आला 'लय'. त्याच्या खालोखाल 'आवं'. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "आमी लय म्हणतो, हे सांगायला संगणक लागतोय व्हय?" अख्खं ऑफिस हसलं. मलाही हसू आलं, पण राग जास्त आला.

मग मी चेहरे आणले. गावाच्या नावापुढं हसरा हिरवा किंवा रडका लाल. तक्रारीतले चांगले-वाईट शब्द संगणकच मोजणार. साहेब जाम खूश. पडदाभर हिरवंगार! आमच्या गावापुढचा चेहरा तर कानापर्यंत हसत होता. साहेब म्हणाले, "हितं समदी खूश हायत. मग दूध न्यायला संध्याकाळचा येगळा टेम्पू कशाला? डिझेल तरी वाचंल. पुढच्या मीटिंगला बंद करून टाकू."

घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंनी भाकरी थापायची थांबवली. आमच्या दोन म्हशी त्याच सांभाळतात. "आदीच टेम्पू उशिरा येतोय, दूध फुटतंय. त्यो बी बंद झाला तर सांजचं दूध कुटं घालू? एक म्हस इकावी लागंल मला." बोलता बोलता त्या गोठ्याकडं बघायला लागल्या. दोन्ही म्हशींना त्या लेकींसारखं जपतात, हे मला माहीत होतं.

"मग तक्रार करायची होती ना!"

"केली की. रोज करतीया."

"मला का नाही बोललात?"

"सुनंचा वशिला लावती म्हणत्याल लोक."

सकाळी ऑफिसला जाऊन पहिल्यांदा त्यांच्याच तक्रारी वाचल्या. "आवं ताई, बऱ्या हायसा न्हवं? चा झाला का? पोरंबाळं बरी हायत न्हवं? टेम्पू लय उशिरा येतोय बघा, दूध फुटतंय. बाकी सगळं बरं हाय." संगणकानं बिचाऱ्यानं 'बरं'च 'बरं' मोजलं आणि हिरवा चेहरा काढला. हसावं की कपाळ बडवावं कळेना. आमच्याकडं आल्या आल्या गाऱ्हाणं कोण सांगतं? आधी विचारपूस, मग मुद्दा, आणि शेवटी समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून 'बाकी सगळं बरं'. ही आमची रीत, आणि संगणकाला ती कोण शिकवणार?

शेवटी चेहरे काढून टाकले आणि साधा तक्ता केला. उभी गावं, आडवे विषय: टेम्पो, फॅट मोजायचं मशीन, पेंड, जनावरांचा डॉक्टर. वाक्यं एकेक करून मीच वाचली आणि ज्या त्या चौकटीत टाकली. तक्रारी जास्त तशी चौकट गडद. चौकटीवर बोट ठेवलं की माणसांची वाक्यं उघडणार, विचारपुशीसकट. ताई म्हणाली, "पुण्यात जाऊन एवढं शिकलीस, आणि शेवटी तक्ताच होय गं?" म्हटलं, व्हय, तक्ताच.

मीटिंगमध्ये मी तक्ता पडद्यावर लावला. आमच्या गावाची टेम्पोची चौकट काळीठिक्कर. साहेबांनी बोट ठेवलं, आणि वाचायचा कंटाळा असलेल्या त्या माणसानं सासूबाईंचं वाक्य मोठ्यानं वाचलं. "चा झाला का" वर हसले, "दूध फुटतंय" वर चष्मा सारखा केला. मग पुढचं वाचलं, त्याच्या पुढचं वाचलं.

"समद्यांचं एकच हाय की रं! आन् ह्या म्हातारीला बाकी सगळं बरं कसं काय?"

कोणाची म्हातारी, ते मी सांगितलं नाही. टेम्पो राहिला, उलट तासभर लवकर यायला लागला. मला गोठ्यात जाऊन नाचावंसं वाटलं.

त्या आनंदात मी सगळ्याच गावांचे तक्ते करायला घेतले आणि रोज अंधार पडल्यावर घरी पोचू लागले. मग एका दुपारी ताईनं हसत हसत मला नवी तक्रार दाखवली.

"आवं ताई, बऱ्या हायसा न्हवं? चा झाला का? टेम्पू येळंवर येतोय, दूध फुटत न्हाई. पर आमची सून लय उशिरा येती. तिच्याबिगर जेवान ग्वाड लागत न्हाई. तेवढं सायबास्नी सांगा."

शेवटी 'बाकी सगळं बरं हाय' नव्हतं. मी दोनदा बघितलं, नव्हतंच.

तक्त्यात सुनेचा रकाना नव्हता. मी संगणक बंद केला आणि पाचची एसटी धरली.